शहामृगांची मेरेरिद

माझ्या आजोबांनी शहामृगाला टोपी काढून नमस्कार केला होता, हे आमच्या घरात कोणी नाकारत नाही. वाद आहे तो फक्त धुकं किती होतं याचा. आजी म्हणायची, हात पुढे केला तर स्वतःची बोटं दिसत नव्हती. गावातले लोक म्हणतात, धुकं कसलं, लख्ख ऊन पडलं होतं.

आमची माणसं वेल्समधून बोटीने इथे उतरली ती अठराशे पासष्ट साली, जुलैत, म्हणजे इथल्या कडाक्याच्या थंडीत. दीडशेएक माणसं, समोर समुद्र, मागे वाळूच्या टेकड्या, आणि कोणीतरी पसरवलेली बातमी की आर्जेन्टिना सरकारचा एक साहेब स्वागताला येणार आहे. आजोबांचं नाव ग्रिफिद जोन्स. त्यांनी बोटीवर एका खलाशाकडून स्पॅनिशमधलं दहा ओळींचं आभाराचं भाषण लिहून घेतलं होतं आणि तो कागद छातीशी जपून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ते दोघा सोबत्यांबरोबर पाणी शोधायला निघाले, थोडे पुढे गेले, आणि टेकडीवर त्यांना साहेब दिसला. उंच, सडपातळ, करड्या कोटातला, मान ताठ, आणि बोलायची अजिबात घाई नसलेला. सरकारी माणूस असाच असणार, असं आजोबांच्या मनाने घेतलं. त्यांनी टोपी काढली, कमरेत वाकले, आणि कागद उघडून भाषण वाचायला लागले. साहेबाने चार ओळी लक्ष देऊन ऐकल्या. पाचव्या ओळीला तो दोन पावलं पुढे आला आणि कागद गिळून टाकला.

"वाईट एवढंच वाटतं," आजोबा म्हातारपणी सांगायचे, "की पुढच्या ओळी मला पाठ नव्हत्या."

मागे पिंप घेऊन उभे असलेले दोघे सोबती किनाऱ्यापर्यंत धावत गेले. दुपारच्या जेवणाआधी आजोबा जोन्स शहामृग झालेले होते.

आता आमच्याकडे अशा नावांवाचून कोणाचं चालत नाही, हेही खरं. नदीकाठच्या ज्या खोऱ्यात आम्ही वसलो, त्या अख्ख्या खोऱ्यात आडनावं मोजून आठ-दहा. चॅपेलमध्ये पाद्रीबाबांनी प्रवचन थांबवून "जोन्स, ते दार लावा जरा" म्हटलं, की एकोणीस माणसं उठायची. एकदा दारच निखळलं. म्हणून मग विल्यम्स कच्चापाव, इव्हान्स दोनटोप्या, ह्यूज ऐकलंत-का. ही नावं कोणी बसून ठरवत नाही. ती पडतात, आणि पडली की वारशाने पुढे जातात, गाईगुरांसारखी. आजी शहामृगीण झाली. माझे वडील ईदवाल आणि त्यांची मोठी बहीण मेरेरिद ही पिल्लं झाली.

मेरेरिदआत्याचं दुर्दैव असं, की ती अंगाने उंच निघाली. मान लांब, पाय त्याहून लांब, आणि चालणं असं की बरोबरच्या बायकांना पळावं लागे. नाव आधी आलं आणि आत्या नंतर जन्मली, पण नवख्या माणसाला उलटं वाटायचं.

त्या नावाचं कौतुक करणारा एकच माणूस होता. कामिलो त्याचं नाव, इथल्या मूळच्या तेहुएल्चे लोकांमधला. ते लोक शिकारीच्या हंगामात खोऱ्यात यायचे आणि इथल्या माळावरच्या लहान चणीच्या शहामृगांचं मांस, पिसं देऊन पाव-लोणी न्यायचे. कामिलोला आजीच्या हातचा पाव आवडायचा. एकदा आत्या, तेव्हा आठ-नऊ वर्षांची, दारात रडत बसली होती.

"काय झालं?" कामिलोने विचारलं.

"सगळे मला शहामृग म्हणतात."

"मग? चांगला प्राणी आहे. पळतो चांगला, लागतो चांगला. तुझं दुसरं नाव काय?"

"जोन्स."

"जोन्स म्हणजे काय?"

आत्याने खूप विचार केला. "जोन्स म्हणजे जोन्स."

"मग शहामृगच बरं," असं म्हणून तो पाव घेऊन निघून गेला. पुढे दरवर्षी तो आजीसाठी शहामृगाची एक तंगडी आणायचा. पाहुणचार म्हणूनच आणायचा बिचारा. पण शेजारीपाजारी आजीला विचारायचे, "कातरिन, घरातलं कोणी गेलं का?"

पंधराव्या वर्षी आत्याने ठरवून टाकलं, या नावातून लग्न करूनच सुटायचं. इतर मुली मुलांचे खांदे बघत, गाण्याचा गळा बघत, कोणाची जमीन कालव्याला लागून आहे ते बघत. आत्या आडनावं बघायची. जोन्स, विल्यम्स, इव्हान्स, रॉबर्ट्स, सगळे बाद, कारण प्रत्येकाच्या शेपटाला काहीतरी बांधलेलं. असं करता करता ती एकवीस वर्षांची झाली आणि आजीचा धीर सुटला. तेव्हा आत्याची नजर एडविन प्यूवर गेली.

एडविन प्यू पाच वर्षांपूर्वी जुन्या देशातून, म्हणजे वेल्समधून, एकटाच आला होता. कालव्याच्या झडपा उघडायच्या आणि लावायच्या, हे त्याचं काम. बोलणं इतकं कमी की लोक त्याला झडपेचाच भाग समजत. आत्या एके दिवशी लोण्याची टोपली घेऊन सरळ कालव्यावर गेली. हे सगळं मला एडविनकाकानेच सांगितलंय, आणि तो खोटं बोलण्याइतकं बोलायचाच नाही.

"एडविन प्यू," आत्या म्हणाली, "तुझे कोणी भाऊबंद येणार आहेत का इकडे?"

"नाही."

"चुलत, मावस, लांबचं कोणी?"

"नाही. का?"

"आणि लोक तुला काय म्हणतात?"

"प्यू."

"नुसतं प्यू?"

"नुसतं प्यू."

आत्याने टोपली खाली ठेवली. "रविवारी चहाला ये."

सहा महिन्यांनी लग्न झालं. एडविनकाकाची समजूत होती की आत्या त्याच्या डोळ्यांवर भाळली. पुढे कधीतरी खरं कारण कळलं, तेव्हाही तो रागावला नाही. मला म्हणाला, "तिने माझ्यात काहीतरी पाहिलं होतं, एवढं तर खरं ना? मग ते आडनाव निघालं म्हणून काय बिघडलं?"

लग्नानंतर तीन आठवडे आत्या श्रीमती प्यू होती. या तीन आठवड्यांत तिने जितक्या लोकांकडे चहा घेतला, तितका आधीच्या तीन वर्षांत घेतला नसेल. दारातूनच सांगायची, "मी प्यूंची मेरेरिद." मग आली कालव्याची सभा. पाणी सोमवारी कोणी सोडायचं, यावर चर्चा चालली होती. अध्यक्ष म्हणाले, "प्यू सोडेल." पहिल्या बाकावर दोनटोप्यांचे म्हातारे आजोबा बसले होते. त्यांना ऐकू कमी यायचं.

"कोण सोडेल?"

"प्यू!"

"कोण यू?"

"प्यू हो, प्यू! शहामृगाचा जावई!"

"मग असं म्हणा ना, प्यू शहामृग!" आजोबा समाधानाने म्हणाले, आणि अध्यक्षांच्या शेजारी बसलेल्या चिटणीसाने वहीत तसंच लिहून घेतलं.

एडविनकाका घरी आला तो चक्क हसत. आत्या कढईत काहीतरी ढवळत होती.

"मेरेरिद, बातमी आहे."

"काय?"

"मला नाव मिळालं."

आत्याने डाव वर उचलला. "कोणतं?"

काकाने सांगितलं. डाव त्याच्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर आपटला. काका तो उचलून, पुसून तिच्या हातात देत म्हणाला, "अगं, पाच वर्षांत मला पहिल्यांदाच कोणी नाव दिलं. सभा संपल्यावर दोघांनी पाठीवर थाप मारली. नुसता प्यू होतो तेव्हा कोणी मारायचं का?"

"मी तुझ्याशी लग्न कशासाठी केलं, ठाऊक आहे तुला?" आत्या ओरडली.

"डोळ्यांसाठी," काका म्हणाला.

आत्या खुर्चीत बसली. त्याला खरं सांगावं असं तिला तेव्हा वाटेना, आणि यातच तिने त्याला जन्माचं पत्करलं, असं मला आपलं वाटतं.

पण नावाशी तिची लढाई संपली नव्हती. लग्नाने सुटत नाही म्हटल्यावर तिने दुसरा मार्ग धरला. आपण असं काहीतरी करायचं की लोक शहामृग विसरून त्याच गोष्टीवरून हाक मारतील. आधी तिने गाण्यात नाव काढायचं ठरवलं. आमच्याकडे गाण्या-कवितांच्या स्पर्धा म्हणजे काय विचारू नका, लोक पेरणी सोडून येतात. आत्याचा गळा खरंच चांगला होता. वर्षभर तिने मेहनत केली, इतकी की एडविनकाका कालव्यावर मुक्कामाला जायच्या गोष्टी करू लागला. स्पर्धेला परीक्षक खोऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाहून आले होते, त्यांना कोणाचं नाव ठाऊक नव्हतं, गाव ठाऊक नव्हतं. त्यांनी भर सभेत शेरा वाचला, "दुसऱ्या क्रमांकाच्या बाई. आवाज सुरेल, शब्द स्वच्छ. फक्त गाताना मान फार पुढे काढतात."

सभेतला हशा दहा मिनिटं थांबेना. परीक्षक बिचारे सगळ्यांना विचारत होते, माझं काही चुकलं का, माझं काही चुकलं का.

मग आला नव्याण्णव सालचा पूर. आमची नदी एरवी कशी, बादलीभर पाणी मागितलं तर विचार करून देणारी. त्या वर्षी ती सगळ्यांची घरं मागायला आली. लोक पोरंबाळं, भांडी, गाद्या घेऊन टेकड्यांवर पळाले. जीव कोणाचा गेला नाही, म्हणून आज हसून सांगता येतं. अख्खं गाव टेकडीवर गोळा झालं आणि पाद्रीबाबांनी मोजणी केली, तेव्हा लक्षात आलं की चॅपेलची बाजाची पेटी खालीच राहिली. जुन्या देशाहून आणलेली, पायाने भाता मारायची मोठी पेटी. गावात तसली तेवढी एकच.

"मी आणते," आत्या म्हणाली. सगळ्या गावासमोर म्हणाली, हे महत्त्वाचं. पुढच्या पिढ्या आपल्याला पेटीवाली मेरेरिद म्हणतील, हे तिला तिथल्या तिथे दिसलं असणार.

एडविनकाका मुकाट्याने तिच्यामागे गेला. चॅपेलमध्ये गुडघाभर पाणी होतं. दोघांनी मिळून ते एकदा निखळलेलं दार काढलं, त्यावर पेटी चढवली, दोर बांधला. आत्या पेटी धरायला दारावर बसली आणि काका दोर ओढायला लागला. इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग कुठला तरी बांध फुटला, पाण्याचा लोंढा आला, दोर काकाच्या हातातून सुटला, आणि दार, पेटी, आत्या अशी तिघं नदीच्या दिशेने निघाली. काका चॅपेलच्या खिडकीत चढून बसला आणि जाणाऱ्या बायकोकडे बघत राहिला. "हाक मारावी असं वाटलं," तो मला म्हणाला, "पण काय सांगणार होतो? थांब म्हणून?"

आत्या पेटीला मिठी मारून वाहत चालली. तोल सावरायला तिचे पाय भात्यावर पडत आणि कोपर पट्ट्यांवर, त्यामुळे पेटी मधूनमधून मोठ्याने विव्हळायची. पुढे पाण्यात एक उंचवटा लागला. त्यावर एक शहामृग अडकून उभं होतं. सकाळपासून उभं असेल. समोरून फळी आली, त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मोठ्या रुबाबात पाऊल टाकून ते फळीवर चढलं.

"उतर!" आत्या किंचाळली. "उतर मेल्या! आज नको! दुसऱ्या कोणत्याही दिवशी ये!"

ते उतरलं नाही. उलट तिच्या टोपीवरची काळी फीत त्याला आवडली आणि ती त्याने खायला घेतली.

टेकडीवर त्याच वेळी सगळं गाव डोळे मिटून प्रार्थना करत होतं. दुरून पेटीचा सूर ऐकू आला. काही म्हाताऱ्यांना वाटलं, झालं, शेवटचा दिवस आला, देवदूत निघाले. सगळ्यांनी डोळे उघडले. टेकडीच्या पायथ्याने हळूहळू वळण घेत चॅपेलचं दार आलं. त्यावर पेटी, पेटीला धरून मेरेरिद, आणि मेरेरिदच्या खांद्यामागे मान ताठ करून ते शहामृग, दोघं जणू फोटो काढायला बसल्यासारखी.

मग ह्यूज ऐकलंत-का शांतपणे म्हणाला, "बघा, देवाची करणी. बुडत्या लेकीला न्यायला माहेरचं माणूस आलं."

दोर टाकून तिला ओढून घेतली ती हसणाऱ्या माणसांनी, त्यामुळे दोनदा दोर सुटला. शहामृग उतरलं, अंग झटकलं आणि कोणाचे आभार न मानता टेकडीपलीकडे निघून गेलं. पेटी वाचली. अजून वाजते, एक पट्टी सोडून. पण पेटी कोणी वाचवली, असं कोणाला विचारा, लोक म्हणतात, "पेटी? हां हां, शहामृगाबरोबर आली ती."

दोन वर्षांनी आत्याला मुलगी झाली. तिचं नाव नेस्ट. जन्माची नोंद करायला एडविनकाका रॉसनला सरकारी कचेरीत गेला, आणि साक्षीदार म्हणून ह्यूजला घेऊन गेला. याला मी काकाच्या आयुष्यातली एकमेव मोठी चूक म्हणते. कारकून ब्यूनोस आयर्सहून नवाच आला होता. काकाला स्पॅनिश येत नव्हती, ह्यूजला आपल्याला येते असं वाटायचं.

"बापाचं आडनाव?" कारकुनाने विचारलं.

"प्यू."

"कसं लिहायचं?"

काकाने लिहून दाखवलं. कारकुनाने कागद उलटा करून पाहिला. "ही अक्षरं आणि हा आवाज यांची एकमेकांशी ओळख तरी आहे का?" तो म्हणाला, पण लिहिलं. इकडे मुलाला बापाचं आणि मग आईचं, अशी दोन्ही आडनावं लावतात. "आईचं आडनाव?"

"जोन्स."

कारकुनाने लेखणी टेबलावर टाकली. "सकाळपासून हे सातवं जोन्स! इथे दुसरं काही पिकत नाही का? कोणते जोन्स? काहीतरी वेगळं सांगा, मला नोंदी लावायच्या आहेत!"

इथे ह्यूजला मदत करायची हुक्की आली. "एस्त्रिस," तो म्हणाला. आमच्या भाषेत शहामृगाला एस्त्रिस म्हणतात.

कारकुनाचा चेहरा उजळला. "वा! याला म्हणतात आडनाव!" आणि त्याने जोन्स खोडून वळणदार अक्षरात लिहिलं, नेस्ट प्यू एस्त्रिस. आई, मेरेरिद एस्त्रिस. शिक्का मारला. काकाने त्याचे मनापासून आभार मानले.

घरी येऊन त्याने कागद आत्याच्या हातात दिला. आत्याने तो एकदा वाचला, दोनदा वाचला.

"एडविन, हे काय आहे?"

"नेस्टचा कागद. शिक्का बघ किती छान उठलाय."

"आजवर मी लोकांच्या तोंडात शहामृग होते," आत्या एकेक शब्द तोडत म्हणाली. "तू मला सरकारात शहामृग करून आलास!"

दुसऱ्या दिवशी ती स्वतः रॉसनला गेली. कारकून अदबीने वागला. खुर्ची दिली, पाणी दिलं. नोंद बदलता येईल, म्हणाला. गावातल्या दोन प्रतिष्ठित माणसांनी बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायची, की या बाईंना एस्त्रिस या नावाने कोणीही, कधीही ओळखत नाही. बस, एवढंच.

एवढंच! आत्या तशीच पाद्रीबाबांकडे गेली.

"मेरेरिद," पाद्रीबाबा म्हणाले, "तुझ्यासाठी मी प्रार्थना करीन. उपास करीन. शपथ तेवढी मागू नकोस."

मग ती माझ्या वडिलांकडे, म्हणजे सख्ख्या भावाकडे आली. वडील नांगर धरून उभे होते. "ताई, मी खोटी शपथ घेतली असती गं तुझ्यासाठी. पण माझ्या बैलांना सुद्धा ठाऊक आहे."

दोनटोप्यांच्या आजोबांना प्रश्नच ऐकू आला नाही. कच्चापावाची बायको म्हणाली, बायबलला हात लावायचा तर मला मागच्या वर्षीच्या केकच्या स्पर्धेबद्दलही काही कबूल करावं लागेल, तेव्हा नकोच. आठ दिवस आत्या हिंडली. शेवटी तिला आठवलं, गावात एक इटालियन दुकानदार नवा आलाय, येऊन महिना सुद्धा झाला नाही, धड भाषा येत नाही. याला कुठून माहीत असणार? ती मोठ्या आशेने दुकानाची पायरी चढली. दुकानदार लगबगीने पुढे आला, छातीवर हात ठेवून वाकला आणि हसऱ्या चेहऱ्याने म्हणाला, "या या, सिन्योरा एस्त्रिस! काय देऊ?"

आत्याने दोन मेणबत्त्या मागितल्या आणि घरी आली. नोंद तशीच राहिली.

यानंतर ती त्या नावाबद्दल बोलायचीच बंद झाली. भांडली नाही, रडली नाही. नेस्ट मोठी झाली, शाळेत जाऊ लागली. वर्गात सहा जोन्स, चार विल्यम्स, आणि एक एस्त्रिस. मास्तर ब्यूनोस आयर्सचे, प्यू त्यांना म्हणता येईना. त्यांना बाकीच्या मुलांमध्ये कोण कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. शिक्षा भलत्याला आणि बक्षीस तिसऱ्याला, असा कारभार. नेस्टला मात्र तिचंच बक्षीस मिळायचं, आणि खरं सांगायचं तर तिचीच शिक्षाही. पत्रांचं तसंच. जोन्सांची पत्रं अख्ख्या गावाने वाचून झाल्यावर ज्याची त्याला पोचतात. आत्याची पत्रं न फोडलेली यायची. हे सगळं आत्या बघत होती, पण कबूल करेल तर शपथ.

नेस्ट बावीस वर्षांची झाली आणि तिचं गेराइंट रॉबर्ट्सशी जमलं. मुलगा चांगला, हसतमुख, कष्टाळूही म्हणता येईल, सुरुवात करून दिली तर. एका शनिवारी त्याची आई, ब्लोद्वेनबाई, त्याला घेऊन बोलणी करायला चहाला आली. मी तेव्हा अठरा वर्षांची, चहा ओतायला होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

ब्लोद्वेनबाईंनी पाव-लोण्याचे तीन तुकडे खाल्ले, केकला नाक न मुरडता नाक मुरडलं, आणि म्हणाल्या, "मुलगी आम्हाला पसंत आहे, मेरेरिद. आणि एका परीने तिचंही कल्याणच. लग्न झालं की ती नेस्ट रॉबर्ट्स होईल. ते दुसरं सगळं पुसून जाईल."

"दुसरं कोणतं?" आत्याने विचारलं.

"अगं, ते... तुझ्या वडिलांचं."

मी आत्याकडे पाहिलं. हेच तर तिला जन्मभर हवं होतं. आता ती हो म्हणेल, डोळे पुसेल, असं मला वाटलं. आत्याने कप खाली ठेवला. तिची मान एक वीतभर वर आली.

"पुसायचं कशाला?"

"म्हणजे? उद्या नातवंडांना शहामृग म्हणून हाका मारायच्या का?"

"मग काय, 'उद्या' म्हणून मारायच्या?"

आता रॉबर्ट्सांना गावात रॉबर्ट्स उद्या म्हणतात. गेराइंटच्या आजोबांनी घराला छप्पर उद्या घालतो म्हटलं होतं, आणि त्या उद्याला अकरा वर्षं लागली. तोवर घरात पाऊस आला की सगळं कुटुंब टेबलाखाली जेवायचं.

"'उद्या' हा काही प्राणी नाही," ब्लोद्वेनबाई ताठ होऊन म्हणाल्या.

"प्राणी निदान हलतो," आत्या म्हणाली.

"आमच्या घराण्यात कोणी पाखरांपुढे वाकलेलं नाही!"

"वाकायला आधी उठावं लागतं, ब्लोद्वेन. माझ्या वडिलांनी समोर जो दिसला त्याला नमस्कार केला. चार ओळी स्पॅनिश वाचली. तुझ्या सासऱ्यांनी अकरा वर्षं काय वाचलं, ढग? आणि आमचं नाव सरकारी आहे. शिक्क्याचं. तुमचं आहे कुठे लिहिलेलं?"

"नाही," ब्लोद्वेनबाई अडखळल्या. "आम्ही कधी... म्हणजे लिहून घेणारच होतो..."

"कधी?"

मला हसू आवरेना, मी किटली घेऊन आत पळाले. परत आले तेव्हा दोघी गेराइंटकडे बघत होत्या. तो आणि नेस्ट भिंतीला टेकून गुपचूप केक खात बसले होते.

"तूच सांग रे," त्याची आई म्हणाली. "मुलं झाली तर त्यांच्या नावापुढे ते एस्त्रिस लावायचं की नाही? आत्ताच्या आत्ता सांग."

गेराइंटने घास गिळला, नेस्टकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. "बघू ना, आई," तो म्हणाला. "उद्या सांगतो."

आधी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेला एडविनकाका हसला. मी त्याला तसा हसताना कधीच पाहिलं नव्हतं, आवाज न करता, खुर्चीसकट हलत. मग आत्या हसली. शेवटी ब्लोद्वेनबाईंनीही रुमालात तोंड लपवलं आणि चौथा तुकडा उचलला. बोलणी तिथेच पक्की झाली. लग्न व्हायला पुढे दीड वर्ष गेलं, कारण तारीख काढायचं काम नवऱ्या मुलाकडे दिलं होतं.

नेस्टला मुलगा झाला तेव्हा नोंदीला आत्या स्वतः गेली. ह्यूजच्या कानावर काही जाऊ दिलं नाही. गाडी एडविनकाकाने हाकली, नेस्ट आणि मी बाळाला घेऊन मागे. कचेरीत आता दुसराच कारकून होता, तरुण आणि हुशार. त्याने जुनी वही काढली, मागची नोंद वाचली आणि आत्याकडे बघून समजूतदारपणे म्हणाला, "बाई, इथे काहीतरी गफलत झालेली दिसते. हल्ली नियम सोपे झालेत. साक्षीदार वगैरे लागत नाहीत. एक सही करा, तुमचंही नाव दुरुस्त करून टाकू."

त्याने लेखणी पुढे केली. आत्याने ती घेतली. मी दाराशीच उभी होते, मला तिची पाठ दिसत होती, चेहरा नाही. मग तिने लेखणी परत त्याच्या हातात दिली.

"माझं असू दे," ती म्हणाली. "नातवाचं लिहा. रॉबर्ट्स एस्त्रिस. मी एकेक अक्षर सांगते, घाई करू नका."

तेवढ्यात बाहेर गाडीजवळ बाळाने एडविनकाकाच्या रविवारच्या कोटावर कार्यभाग उरकला, आणि काका तो कोट दोन हातांत धरून आत येऊन विचारू लागला, की सरकारकडे एखादं फडकं मिळेल का.